पागधरे मॅडम आज कोण आहेत?

सकाळी जिन्यात एकमेकी भेटलो की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "आज मॅडम कोण आहेत?"

बोईसरला कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीत आमचं नर्सिंगचं कॉलेज होतं. तळाला स्टेशनरीचं दुकान, मध्ये जिम, वर आम्ही. जिममध्ये कुणी वजन खाली आपटलं की आमच्या प्रॅक्टिकल हॉलमधल्या खाटा जागच्या हलायच्या. बारावी झाल्यावर वडिलांनी मला इथे घातलं. ते जळगावकडून कारखान्यात कामाला आलेले. घरातल्या एका तरी माणसाला दिवसभर उभं राहून काम करावं लागू नये, असं त्यांच्या मनात होतं. नर्सचं काम कसं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये गेलो, तर खिडकीजवळच्या खाटेवर एक पन्नाशीची बाई पडलेली. विटकी साडी, केस सुटलेले, दोन्ही हात पोटावर. "आई गं, मेले गं," म्हणून कण्हत होती. आम्ही सगळ्या भिंतीला पाठ लावून उभ्या. कुणाची तरी नातेवाईक चुकून वर आली असेल, असं वाटलं. बाईंचं कण्हणं वाढायला लागलं तशी एकीने जाऊन वॉचमनला बोलावून आणलं. यादवजी आले, त्यांनी खाटेकडे पाहिलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"अरे, ये तो मैडम हैं. पेशंट बनी हैं. आप लोग करो, जो करना है."

एवढं बोलून ते खाली निघून गेले. करायचं काय, ते आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही उभ्याच. बाईंनी एक मोठा झटका दिला, जीभ बाहेर काढली आणि गप्प झाल्या. थोड्या वेळाने एक डोळा उघडला.

"मेले मी," त्या म्हणाल्या. "वर्गभर मुली उभ्या आणि एकीने पाणी हवंय का म्हणून विचारलं नाही. ठीक आहे. आता मेलेल्या माणसाची काळजी कशी घ्यायची, ते शिकू या."

तो धडा पुस्तकात सगळ्यात शेवटी होता. आमचा अभ्यासक्रम तिथून सुरू झाला. डोळे मिटवायचे, जबडा बांधायचा, हातपाय सरळ करायचे, अंग पुसायचं, आणि हे सगळं करताना माणूस जिवंत असल्यासारखं हळू बोलायचं. प्रेत आम्हाला सूचना देत होतं. "गाठ हनुवटीखाली नको, डोक्यावर. जोरात ओढू नकोस, माझे दात खरे आहेत. आणि मी बोलतेय तिकडे लक्ष देऊ नका, मी मेलेय." मध्येच एका मुलीला तिची आजी आठवली आणि ती रडायला लागली. मॅडमनी बांधलेल्या जबड्याने, पडल्यापडल्याच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको बाळा, मी आहे ना."

कॉलेजकडे सरावाचा पुतळा नव्हता असं नाही. चांगला महागातला, हलते सांधे असलेला पुतळा होता. पण तो सेक्रेटरी साहेबांच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभा करून ठेवला होता. मुलींच्या हाती दिला तर खराब होईल, अशी साहेबांना काळजी. दिवाळीला त्याला हारही घालायचे. मॅडमनी दोनतीनदा मागून पाहिला, मग नाद सोडला. आम्ही यायच्या आधीच एके दिवशी त्या स्वतः खाटेवर आडव्या झाल्या आणि त्यांना ते काम फार आवडलं.

मॅडम तारापूरकडच्या एका मच्छीमार गावच्या. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्यांनी बरीच वर्षं पालघरला दवाखान्यात नोकरी केली आणि मग त्या शिकवायला आल्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी नेटकी. पण खाटेवर पडल्या की जो पेशंट, त्याची भाषा. त्यांच्याकडे एक कापडी पिशवी असायची. तिच्यात लुंगी, बिनकाचांचा चष्मा, पांढऱ्या केसांचा टोप आणि वडापावच्या गाडीवरून आणलेल्या सॉसच्या पुड्या. सॉस रक्तासाठी. जखम बांधताना चार माश्या येऊन बसायच्या. मॅडम खूश. "बघा, माश्यासुद्धा फसल्या!"

त्यांचे पेशंट आम्हाला शेजाऱ्यांसारखे पाठ झाले होते. टाउनशिपमधल्या एक बाई यायच्या. त्या मोबाइलवर आधीच सगळं वाचून यायच्या आणि आम्ही थर्मामीटर काढला की "हे डिजिटल का नाही?" म्हणून भांडायच्या. एक बहिरे आजोबा होते, त्यांना इंजेक्शन म्हटलं की अचानक सगळं ऐकू यायचं. आणि कारखान्यातला रामप्रसाद होता. काजळाने काढलेली मिशी, लुंगी, आणि तोंडात सारखं एकच, "सिस्टर, ठेकेदार को मत बताना." रामप्रसाद कधी पडायचा, कधी भाजायचा, कधी त्याच्या डोळ्यात काही जायचं. आम्ही त्याला इतक्यांदा बरा केला की पुढेपुढे त्याची खुशाली विचारायला लागलो.

भूमिकेत असताना मॅडम काही केल्या बाहेर यायच्या नाहीत. कुणी म्हणालं, "मॅडम, एक शंका आहे," की आजोबा कानाला हात लावायचे. "पेशंट खोटा असेल," त्या नंतर सांगायच्या, "दुखणं खोटं धरू नका. तसं धरलंत, की एक दिवस खऱ्यालाही खोटं धराल."

सगळ्यात अवघड पेशंट होती डोंगरातली एक बाई. ती कण्हायची नाही, ओरडायची नाही. अंग चोरून खाटेच्या कडेला बसायची.

"काय होतंय?"

"नाय काय."

"पोटात दुखतं?"

"नाय."

"मग आलात कशाला?"

"त्यांनी आनली."

आठवडाभर आम्ही त्या बाईपुढे हात टेकले. कुणी आवाज चढवला, कुणी लाडीगोडी लावली, एकीने तर सरळ "निरोगी" असं लिहून टाकलं. मग सुगंधा वरठाची पाळी आली. सुगंधा विक्रमगडकडच्या एका पाड्यावरची, वर्गात फारसं न बोलणारी. तिने टेबलावरचं काहीच घेतलं नाही. खाटेशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "कोंबड्या कोनाच्या भरवशावर टाकून आलीस?"

मॅडम थांबल्या. खऱ्याच थांबल्या. त्यांच्या संवादात कोंबड्या नव्हत्या.

"शेजारनीच्या," त्या हळूच म्हणाल्या.

मग दोघींचं कोंबड्यांवरून मुंगसावर, मुंगसावरून नवऱ्यावर, आणि नवऱ्यावरून त्याच्या लाथेवर बोलणं गेलं. ती लाथ पोटात बसली होती. तास संपल्यावर मॅडम सुगंधाला म्हणाल्या, "लाथेचं माझ्या मनात नव्हतं गं. तू विचारलंस म्हणून सुचलं." आणि त्या दिवशी त्या डबा न खाताच घरी गेल्या.

दुसऱ्या वर्षी कॉलेजची तपासणी आली. बाहेरगावाहून एक कडक बाई येणार म्हणून सेक्रेटरी साहेबांनी पुतळ्याचं प्लॅस्टिक काढलं आणि त्याला घाईघाईने एका खाटेवर झोपवला. तपासणीच्या बाई हॉलमध्ये शिरल्या. पुतळ्याच्या तोंडात थर्माकोल तसाच होता.

"हा रोज वापरता?"

"रोज, रोज," साहेब म्हणाले.

बाईंनी थर्माकोल ओढून काढला, साहेबांच्या हातात दिला आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. तिथे मॅडम होत्या. पांढरा टोप, सुरकुत्यांसाठी चेहऱ्यावर वाळवलेली मुलतानी माती. आम्हाला वाटलं, आता तरी उठतील. पण आदल्या दिवशी त्यांनीच बजावलं होतं, कुणीही आलं तरी पेशंटने पेशंटच राहायचं. त्यांनी कण्हायला सुरुवात केली.

बाईंनी मॅडमच्या दंडाला पट्टा बांधला, बीपी घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा घेतलं.

"साहेब, या आजींचं बीपी किती वाढलंय! यांना वर्गात कशाला झोपवलंय? प्रयोग करता की काय माणसांवर? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा!"

सेक्रेटरी साहेबांना 'या आमच्या शिक्षिका आहेत' एवढं वाक्य उच्चारता आलं असतं. पण त्यांच्या हातात अजून थर्माकोल होता आणि ते पार गोंधळले होते. "हलवतो," म्हणाले. आम्ही चौघींनी स्ट्रेचर उचललं. आजी प्रत्येक पायरीला "हळू गं, हाडं मोडली" म्हणत खाली आल्या. रिक्षा स्टँडवरचे लोक धावले, कुणी पाण्याची बाटली आणली, एका रिक्षावाल्याने मागची सीट झटकली. आजींना आम्ही स्टेशनरीच्या दुकानात, वह्यांच्या गठ्ठ्यांवर आडवं केलं. मग त्या उठून बसल्या, टोप काढला आणि लिंबू सरबत मागवलं. रिक्षावाला सीट झटकायचा फडका हातात घेऊन बघतच राहिला.

वर बाईंनी विचारलं होतं, "आणि शिकवणाऱ्या मॅडम कुठे आहेत?"

"त्या पेशंटबरोबर गेल्या," साहेब म्हणाले.

"अशी तळमळ पाहिजे!" बाई म्हणाल्या, आणि कॉलेज पास झालं.

मॅडमना या सगळ्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं. "बीपीसुद्धा आणलं मी!" त्या भेटेल त्याला सांगत होत्या. "कण्हणं काय कुणीही आणेल. बीपी आणून दाखवा." सुगंधाने एकदा चाचरत विचारलं, "मॅडम, आता पट्टा लावून बघू का? आता तुमी कोनी नाय, तर?" मॅडम हसल्या. "आता कशाला? आता काय मी आजारी आहे?" माणसांची दुखणी चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या त्या बाई, स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून घ्यायला तयार झाल्या नाहीत. आम्हीही मग तो विषय हसण्यावारी नेला. तशा हसवायच्याच त्या.

त्यानंतर महिनाभराने रामप्रसादचा पाय मोडला. बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. मॅडम लुंगी नेसून, काजळाची मिशी रेखून खाटेवर, आणि आम्ही फळ्या आणि पट्ट्या घेऊन भोवती. पाय बांधून होत आला, तेवढ्यात रामप्रसादने डावा दंड धरला.

"पाय मोडलाय ना?" एकीने विचारलं.

त्याने हात जबड्याकडे नेला.

"हातपण मोडलाय वाटतं," दुसरी म्हणाली आणि तिने दंडाला फळी लावायला घेतली. तिसरी म्हणाली, ही सरप्राइज टेस्ट आहे, छातीत दुखण्याचा धडा मागच्याच आठवड्यात झाला. हे सगळ्यांना पटलं. घाबरायचं काही कारणच नव्हतं. मग आम्ही धड्यात होतं ते सगळं शिस्तीत केलं. पाठीला उशा लावून अर्धवट बसवलं, कपडे सैल केले, खिडक्या उघडल्या, चालू द्यायचं नाही म्हणून एक जण पायाशी उभी राहिली. ठरल्याप्रमाणे एकीने रिकामी मूठ कानाला लावली. "हॅलो, ॲम्ब्युलन्स? लवकर या."

रामप्रसाद पुटपुटला, "मना बरा नाय वाटत."

सुगंधाने मनगट धरलं होतं. तिने वर पाहिलं.

"हे रामप्रसाद नाय बोलला," ती म्हणाली. "रामप्रसाद हिंदी बोलतो. हे मॅडम बोलल्या. त्यांच्या घरचं बोलल्या." आणि मूठ कानाला लावलेल्या मुलीला ओरडली, "खरा फोन लाव! घाम खरा हाय!"

मी मॅडमचं कपाळ पाहिलं. मिशीचं काजळ ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं.

फोन लागला, गाडी निघालीही. पण शिफ्ट सुटली होती आणि खालचा रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांनी गच्च भरला होता. दवाखाना तसा जवळ. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरवलं. जिन्याच्या दारात यादवजी बसले होते. त्यांनी पाय आखडून वाट दिली, पण उठले नाहीत.

"यादवजी, खुर्ची धरा! मॅडमना ॲटॅक आलाय!"

"मैडम तो सोमवार को भी मरी थीं," यादवजी म्हणाले.

स्टँडवरही तेच. आम्ही खुर्ची घेऊन आलो तसे रिक्षावाले टाळ्या वाजवायला लागले. सीट झटकणारा तो रिक्षावाला तर हात जोडून म्हणाला, "आज नाय. आज भाडा हाय मना." मिशीवाल्या मॅडम, पायाला फळी, दंडाला फळी. कोण विश्वास ठेवणार? आम्ही रडत होतो, तर लोकांना वाटलं, यंदा मुलींची तयारी चांगली आहे.

सुगंधा त्या रिक्षावाल्याजवळ गेली. ओरडली नाही. त्याचा हात धरला आणि मॅडमच्या मानेवर ठेवला. तो गार, चिकट घाम त्याच्या बोटांना लागला. त्याने हात मागे घेतला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रिक्षा चालू केली. हॉर्नवरचा हात त्याने दवाखान्यापर्यंत काढला नाही.

दवाखान्यात काउंटरवर विचारलं, "पेशंटचं नाव?"

मॅडमनी डोळे न उघडता सांगितलं, "रामप्रसाद."

काउंटरवरच्या मुलाने लिहून घेतलं. आत डॉक्टरांनी लुंगी पाहिली, मिशी पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. "हे बाबा आहेत की बाई?"

"बाई," सुगंधा म्हणाली. तिने ओढणीला थुंकी लावून मिशी पुसायला सुरुवात केली होती. "ते मागाहून बघा. आधी हृदय बघा."

"काय होतंय, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

मॅडमनी डोळे उघडले. आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं असावं. त्या उठून बसायला लागल्या आणि म्हणाल्या, "काही नाही, मी अगदी बरी आहे."

इतका वाईट अभिनय मी त्यांच्याकडून कधी पाहिला नव्हता. ओठ थरथरत होते, आवाजात दम नव्हता, चेहरा राखेसारखा झाला होता. दोन वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेचे आजारी उभे केले होते. धडधाकट माणूस काही त्यांना जमला नाही. "खोटं बोलतायत त्या," आम्ही सगळ्या एकदम ओरडलो.

ॲटॅक मोठा होता. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. संध्याकाळी त्यांचे मिस्टर आले, हाताला इंजिनाचं काळं तेल तसंच. काउंटरवर त्यांना सांगितलं गेलं की पागधरे नावाच्या कुणी बाई इथे नाहीत. आयसीयूत एकच पेशंट आहे, रामप्रसाद.

"तीच ती," ते म्हणाले आणि पायरीवर मटकन बसले. मग खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत, आम्हाला कळेना. त्यांनाही कळत नसावं. सुगंधा त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

चौथ्या दिवशी आम्हाला दोघीदोघींना आत सोडलं. नळ्या, वायरी, मॉनिटर, सगळं आमच्या पुस्तकातलं. मध्ये मॅडम, अगदी छोट्या दिसत होत्या. आम्हाला वाटलं, चुका काढतील.

"मला भीती वाटली गं," त्या म्हणाल्या. "एवढे पेशंट केले मी. कण्हले, तडफडले, मेलेसुद्धा. पण त्यातल्या एकालाही भीती घातली नव्हती. ती मला माहीतच नव्हती." मग म्हणाल्या, "तुम्ही सगळं बरोबर केलंत, तरी वाटत होती. कुणीतरी नुसता हात धरून ठेवायला हवा होता. हे शिकवायचं राहिलं."

"मी धरला होता, मॅडम," सुगंधा म्हणाली.

"तू नाडी बघत होतीस."

"नाडी मिळाली, तरी सोडला नाय."

मॅडमनी मान वळवली. मॉनिटरवरची रेघ जराशी धावली आणि नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

पुढे मुंबईला नेऊन त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली. त्या बऱ्या झाल्या, पण डॉक्टरांनी जिने आणि शिकवणं दोन्ही बंद केलं. सेक्रेटरी साहेबांनी पुतळा केबिनमधून काढून कायमचा हॉलमध्ये दिला. नव्या मॅडम आल्या, चांगल्या होत्या. पुतळ्याला आम्ही रोज अंघोळ घालायचो, कूस बदलायचो. तो कधी भांडला नाही, ठेकेदाराचं काढलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना तो फार आवडायचा. आम्हाला त्याच्याजवळ काय बोलावं तेच सुचायचं नाही.

आम्ही पास झालो. सुगंधा तिच्याच भागातल्या एका उपकेंद्रात लागली, मी बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत. दिवसभर उभी असते, हे वडिलांना सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका कामगार बाईच्या बाळंतपणाची चौकशी करायला स्कूटरवरून तारापूरकडच्या गावांत गेले होते. परतीची वाट किनाऱ्याने. काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्यापलीकडे मॅडम दिसल्या. फुलाफुलांचा गाऊन, खांद्यावर टॉवेल, वेणी सुटलेली. एका कुत्र्याने बोंबील पळवला होता आणि त्या त्याच्या मागे लागल्या होत्या. त्यांनी चप्पल फेकली. ती कुत्र्याला न लागता काठीला लागली आणि बोंबलांची अख्खी ओळ वाळूत खाली आली. आता गावातली आणखी दोन कुत्री आली. मॅडम धावल्या, थबकल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या आणि मोठमोठ्याने हसायला लागल्या. आसपास कुणी नव्हतं. त्या कुणासाठीच हसत नव्हत्या.

मी स्कूटर थांबवली होती. हाक मारणार होते, पण त्याआधी डोळे आपसूक कामाला लागले. पायांवर सूज आहे का, ओठांचा रंग कसा आहे, धावल्यावर दम किती लागला. सवयीने त्यांचे श्वास मोजायला लागले. पण त्या थांबतच नव्हत्या. हसता हसता त्यांनी खाली बसून एकेक बोंबील टॉवेलवर झटकायला घेतला, मध्येच एक कुत्र्याकडे टाकला, पुन्हा हसल्या, आणि माझा आकडा केव्हा सुटला ते मला कळलंच नाही.